खाल्लेलं आणि गेलेलं

चाळणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण त्या संशोधन संस्थेत तिचं खरं नाव कुणाला विचाराल, तर तो आधी हजेरीपट शोधायला लागेल. तळमजल्यावरच्या प्राणीघरात ती सव्वीस वर्षं उंदरांच्या खाण्याची वजनं करत होती, आणि पहिल्या आठवड्यापासून तिच्या हातात एक पितळी कडेची पीठचाळणी होती. प्रयोगशाळेत पीठचाळणी कशाला, हे प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगावं लागे, आणि बाई ते दरवेळी तितक्याच वैतागाने सांगायची.

उंदीर हा काही ताट चाटूनपुसून साफ करणारा प्राणी नव्हे. खाण्याची कांडी तो पुढच्या दोन पायांत धरतो, थोडी खातो, थोडी सांडतो, आणि मध्येच मन उडालं की टाकून देतो. सांडलेला चुरा पिंजऱ्याच्या जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडतो, लेंड्यांत आणि मुतात. आता सकाळी डबीत दहा ग्रॅम खाणं ठेवलं आणि दुपारी सात भरलं, तर उंदराने तीन ग्रॅम खाल्लं असं कुणीही म्हणेल. बाई म्हणायची नाही. ती ट्रेमधला चुरा दिव्याखाली वाळवायची, चिमट्याने लेंड्या वेचायची, उरलेलं चाळायची आणि चाळणीखाली पडेल त्याचं वजन करायची. मग वहीत तीन रकाने भरायची. पहिला 'गेलेलं', दुसरा 'सांडलेलं', आणि पहिल्यातून दुसरं वजा करून तिसरा 'खाल्लेलं'. हा तिसरा शब्द चाळल्याशिवाय तिने एकदाही लिहिला नव्हता.

गंमत म्हणजे हे सगळं तिला शिकवलं ते सरांनीच. तेव्हा सर म्हणजे दोन शर्ट आलटून पालटून घालणारा एक हडकुळा तरुण होता. "डबीतून काय गेलं ते तुम्ही पाहिलंत. पोटात काय गेलं ते पाहिलं नाहीत. मग लिहिता कसं?" असं म्हणून त्याने तिला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं होतं. चाळणीही त्यानेच घरून आणली. तिसऱ्या दिवशी त्याची आई चाळणीचा माग काढत थेट प्राणीघरात आली, तिच्या चाळणीत काय चाळलं जातंय ते तिने पाहिलं, आणि एक शब्द न बोलता परत गेली.

त्या वेळचा प्रयोग बाईला अजून तोंडपाठ होता. सरांनी तिला तो असा सांगितला होता, की मेंदूत बारीक बारीक कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. मॉर्फीन आणि अफूच्या जातीची बाकीची औषधं म्हणजे त्या कुलपांच्या किल्ल्या. मेंदू स्वतःच्याही छोट्या किल्ल्या घडवतो, आणि गोड घास तोंडात गेल्यावर आणखी एक घ्यावासा वाटतो तो त्यांच्याचमुळे. मग कुलपात काहीतरी कोंबून ती बंदच करून टाकली तर? तशी सुई दिल्यावर साखरेच्या गोळीवर जीव टाकणारे उंदीर गोळी नुसती हुंगून तोंड फिरवायचे. साध्या कांड्या मात्र भूक लागली की खायचे. फरक होता जेमतेम पाऊण ग्रॅमचा, आणि चाळणी नसती तर तो चुऱ्यातच हरवला असता. त्या प्रयोगाने सरांचं नाव झालं. छापून आलेल्या लेखाच्या शेवटी आभारात बाईचंही नाव होतं. चुकीचं छापलेलं, पण होतं.

आता सरांना वरच्या मजल्यावर दोन दारांची खोली होती आणि पोटही खोलीला शोभेल असं सुटलं होतं. नवा प्रयोग जुन्याच्या बरोब्बर उलटा होता. कुलूप बंद करायचं नाही, उघडायचं. त्यासाठी संस्थेतच एक नवी किल्ली घडवली होती. मोठ्या आजारात अन्नावरची वासनाच उडालेल्या माणसांना या औषधाने भूक लागेल, असं सर म्हणत होते, आणि सर म्हणत होते म्हणून सगळी इमारत म्हणत होती. उंदरांवरचे आकडे समितीने मंजूर केले की औषध माणसांवर तपासायला जाणार होतं.

त्यासाठी नवे पिंजरे आले. यात खाण्याची डबीच काट्यावर उभी होती. डबीतून काही कमी झालं की समोरच्या पडद्यावर आकडा हलायचा, आणि आकड्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'खाल्लेलं'. ट्रेच्या जागी पाणी शोषणारा कागद अंथरायचा आणि संध्याकाळी गुंडाळून फेकून द्यायचा. चाळणीला काही कामच उरलं नाही.

बाईला पिंजरे आवडले. ती काही नव्याचं नाव काढलं की नाक मुरडणारी नव्हती. तिला टोचला तो शब्द.

"सर, पडद्यावर 'खाल्लेलं' येतंय," ती म्हणाली. "हे तर 'गेलेलं' आहे."

"तेच ते हो, बाई."

"तेच ते कसं असेल?"

"सांडतं त्याचे शेकडा पाच मशीन आपणहून वजा करतं. बनवणाऱ्यांनी चांगलं दोनशे उंदरांवर तपासून घेतलंय."

"औषध दिलेल्या उंदरांवर, की न दिलेल्या?"

सर हसले आणि फोन घ्यायला वळले. ही पहिली वेळ.

प्रयोगात चोवीस उंदीर होते. बाराजणांना लाल टोपणाच्या बाटलीतली सुई, बाराजणांना निळ्या टोपणाच्या. एकीत औषध आणि दुसरीत नुसतं मिठाचं पाणी, पण कुठल्या टोपणाखाली काय ते फक्त सरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात लिहिलेलं होतं. सुया द्यायची ती चष्मेवाली. ही सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी, हुशार, कामाला वाघ, आणि सरांचं नाव निघालं तरी खुर्चीत ताठ होऊन बसणारी. तिलाही टोपणांचं गुपित माहीत नव्हतं. बाईला ते दुसऱ्या दिवशीच कळलं.

निळ्या टोपणाचे उंदीर उंदरांसारखे वागत होते. खात होते, झोपत होते, अंग चाटत होते. लाल टोपणवाल्यांना सुई दिल्यावर वीस मिनिटांत चावण्याचा नाद लागायचा. कांडी धरायची आणि करवतायची, करवतायची, खाली पीठ होईस्तोवर. कांडी संपली की पिंजऱ्याची तार. तार सोडली की पाण्याच्या नळीचं टोक. एकाने तर स्वतःची नखं कुरतडून ठेवली. त्या उंदराला बाईने तिरशिंगराव असं नाव ठेवलं होतं, कारण तो तिच्याकडे रागाने बघत चावायचा. पडद्यावर 'खाल्लेलं'चा आकडा वाढत होता आणि तिरशिंगरावांचं गिळणं काही बाईला दिसत नव्हतं.

तिने कागद फेकले नाहीत. घडी घालून ठेवले, वाळवले, आणि ड्रॉवरमधून चाळणी काढली. चार तासांत लाल टोपणाच्या डब्यांतून सरासरी नऊ ग्रॅम गेलं होतं. त्यातलं पावणेसात ग्रॅम चाळणीखाली सापडलं. म्हणजे पोटात गेलं सव्वादोन. निळ्या टोपणाच्या उंदरांनी खाल्लं होतं पावणेतीन. औषधाने भूक वाढली तर नव्हतीच, उलट किंचित कमीच झाली होती. बाईने चुऱ्याची चोवीस पाकिटं केली, प्रत्येकावर तारीख आणि पिंजऱ्याचा नंबर घातला आणि वर गेली.

"लाल म्हणजे औषध, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" सरांचा पहिला प्रश्न हा.

"उंदरांनी."

"बाई, कागद फेकायचा असतो. ओल्या कागदात घाण असते, पाणी असतं, त्याचं वजन तुम्ही चुरा म्हणून धरताय."

"वाळवलंय, सर. चाळलंय. चाळणी तुमचीच आहे."

सरांच्या कपाळावर आठी चढली. समिती वीस दिवसांवर आली होती. "पुढच्या प्रयोगात बघू," ते म्हणाले, आणि पुढचा प्रयोग माणसांवर आहे हे दोघांनाही माहीत होतं. ही दुसरी वेळ.

बाई घरी आली ती धुसफुसतच. घरी भाऊ, वहिनी आणि अप्पा. बाईने लग्न केलं नव्हतं, आणि का नाही या प्रश्नावर तिने आजवर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. अप्पा म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदाराचा हात आपोआप काट्यावरून दूर व्हायचा, अशी त्यांची ख्याती. आता हाडांत आजार शिरला होता, आणि मॉर्फीनचे थेंब घेतल्याशिवाय कूस बदलता येत नव्हती. दुखणं थेंबांनी आवरलं, पण अन्न त्यांना डोळ्यांसमोरही नको झालं. तरी गेले तीन आठवडे वहिनी खुशीत होती, कारण अप्पांचं ताट रिकामं परत येत होतं.

"आज पण सगळं खाल्लं हो, वन्सं," ती बाईला दारातच सांगायची. डॉक्टरांनाही तेच सांगत होती. डॉक्टर मात्र कोड्यात पडले होते, की खाणं इतकं चांगलं आहे तर वजन का उतरतंय. म्हणून ते नवनव्या तपासण्या लिहून देत होते, आणि त्यासाठी अप्पांना गाडीत घालून हाडं खिळखिळी करत न्यावं लागत होतं.

त्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "वन्सं, अप्पांच्या खिडकीत मुंग्या फार झाल्यात. काय करावं कळत नाही."

बाईने बघितलं. मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीवरून थेट अप्पांच्या पलंगाला लागून असलेल्या कुंडीत उतरत होती. तिने चमच्याने माती उकरली. वर उकडलेला बटाटा, त्याखाली भाजीचे तुकडे, त्याच्याखाली पावाचा लगदा. थरावर थर. बाई सव्वीस वर्षांच्या सवयीने चमच्याने अंदाज घेत राहिली. मग तिने दार लावून घेतलं.

"अप्पा, हे काय आहे?"

अप्पांनी कुंडीकडे पाहिलं, मग छताकडे. "कुंडी आहे."

"उभ्या आयुष्यात तुम्ही काट्यावर बोट ठेवणाऱ्याला सोडलं नाहीत."

"म्हणूनच जमलं," अप्पा म्हणाले. "काट्यावर बोट कसं ठेवायचं, हे मला नाही तर कुणाला माहीत?"

बाईला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्ही तिने गिळलं. अप्पा म्हणाले, "ताट भरलेलं परत गेलं की तुझी वहिनी दिवसभर तोंड पाडून बसते, पोरी. रिकामं गेलं की गुणगुणत असते. मला ते ऐकायला बरं वाटतं."

"आणि त्या तपासण्या?"

"त्या काय. चार हाडं आहेत, दुखतील."

मग अप्पांनी विचारलं ते बाईला अगदी जिव्हारी लागलं. "तुमच्याकडे ते औषध निघालंय म्हणतेस ना, भूक लागण्याचं. ते मला मिळेल का गं? खोटं खाऊन कंटाळा आला. एकदा खरी भूक लागावी असं वाटतं."

कुंडीतली माती तिने नवी भरली आणि वहिनीला सांगितलं की जुन्या मातीत कीड लागली होती. म्हणजे खोटं तीही बोलली, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या वेळी सरांनीच तिला बोलावलं. टेबलावर चोवीस पिंजऱ्यांचं एकत्र पत्रक होतं. ज्याने पिंजरा उघडला त्याची सही पत्रकावर हवी, हा संस्थेचा जुना नियम. पत्रकावर एकच रकाना होता, 'खाल्लेलं', आणि तो लाल टोपणापुढे भरघोस आकड्यांनी भरला होता. पाकीट आता उघडलं होतं. लाल म्हणजे औषधच निघालं होतं.

"बसा, बाई," सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तो खोटा नव्हता. "तुमचे वडील आजारी आहेत, मला माहीत आहे. त्यांच्यासारख्या माणसांसाठीच तर हे चाललंय. त्यांना दोन घास जावेत असं तुम्हाला वाटत नाही?"

बाईच्या डोळ्यांसमोर अप्पांच्या मनगटाची उघडी पडलेली हाडं आली. तिच्याइतकं ते औषध खरं ठरावं असं त्या इमारतीत कुणालाच वाटत नव्हतं. क्षणभर तिने पेन हातात घेतलंसुद्धा. पावणेसात ग्रॅम चुरा. काय बिघडतं? पण मग तिला दिसलं, की अप्पांसारखी माणसं घास तोंडात घेतील, चावत राहतील, चावून चावून थुंकतील, आणि कुणीतरी वहिनी दारात उभी राहून आनंदाने सांगेल की सगळं खाल्लं. आणि डॉक्टर ते लिहून घेतील.

"वाटतं, सर," ती म्हणाली. "म्हणूनच सही करत नाही."

"कुलूप भुकेचं आहे, बाई. किल्ली बसलेली आहे. आकडे समोर आहेत."

"कुलूप भुकेचं आहे की चावण्याचं, हे तुम्हाला कसं कळलं? आत डोकावून पाहिलंत?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही वजनं करता. अर्थ लावायचं काम माझं आहे."

"मग रकान्याचं नाव 'गेलेलं' करा. अर्थ तुम्ही खुशाल लावा. मी आत्ता सही करते."

ते नाव बदललं की अर्थच लागत नाही, हे सरांना नीट माहीत होतं. त्यांनी पत्रक ओढून घेतलं. सही समितीसमोर झाली तरी चालेल, म्हणाले, आणि झाली नाही तर पिंजरे धुण्याच्या खोलीत माणूस कमी आहे, हेही म्हणाले. धमकी द्यायची त्यांना सवय नव्हती. शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेर बघत पूर्ण केलं.

बाई खाली आली. धुण्याच्या खोलीत दिवसभर वाफ, ओले बूट आणि ब्रशचा आवाज. काटा नाही, वही नाही, एकही जिवंत उंदीर नाही. तिच्या जिवावर आलं. तिने तिरशिंगरावांच्या पिंजऱ्यासमोर स्टूल ओढलं आणि बसून राहिली. ते नेहमीप्रमाणे रागाने बघत पिंजऱ्याची तार चावत होते. बाई बघत राहिली. तार. मग तिने फळीवर हात घातला. तिथे एका डब्यात लाकडाचे गुळगुळीत तुकडे होते. उंदरांचे दात वाढत राहतात, ते घासले जावेत म्हणून अधूनमधून पिंजऱ्यात टाकायचे.

समिती आली त्या सकाळी बाई आठलाच हजर होती. सर पाहुण्यांना पिंजरा चालू असतानाच दाखवणार होते. एक उंदीर, एक सुई, समोर पडदा. डबी भरायचं काम बाईचं. तिने ती भरली, काटा शून्यावर आणला आणि डबीचं बाहेरच्या बाजूचं झाकण लावायला घेतलं. चष्मेवाली सुई घेऊन आली तेव्हा झाकण अजून किलकिलं होतं. तिने आत पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. तिचे कान लालबुंद झाले.

"सुई रोजचीच दे," बाई म्हणाली. "तुला काही दिसलं नाही. जे होईल ते माझ्यावर येऊ दे."

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला दिसलंय, बाई," ती म्हणाली, आणि तिरशिंगरावांना रोजची सुई देऊन टाकली.

पाहुणे पाचजण होते. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई, काठी घेऊन चालणाऱ्या, आणि बोलण्यापेक्षा ऐकणाऱ्या. सर रंगात आले होते. कुलूप, किल्ली, भूक. वीस मिनिटांनी पडदा हलला. अर्धा ग्रॅम. एक. तिरशिंगराव डबीत तोंड घालून जोरात कामाला लागले होते. दीड. दोन.

"बघा," सर म्हणाले. "नुकतंच पोटभर खाल्लेला उंदीर आहे हा. चाळीस मिनिटांत अडीच ग्रॅम. साध्या उंदराने इतकं खायला दुपार काढली असती."

एका पाहुण्याने वाहवा केली. सरांनी पत्रक पुढे केलं. "आमच्या या बाई. सव्वीस वर्षं यांच्या हातचा एक आकडा चुकलेला नाही. यांची सही झाली की पत्रक तुमच्या हवाली."

ही स्तुती खरी होती, आणि ती त्यांनी या वेळी करावी याचं बाईला वाईट वाटलं. तिने पेन घेतलं नाही.

"ज्याने पिंजरा उघडला त्याची सही, असा नियम आहे," ती म्हणाली. "तेव्हा आधी उघडते."

तिने झाकण काढलं, डबी बाहेर घेतली आणि पांढऱ्या केसांच्या बाईंच्या समोर टेबलावर उलटी केली. कुरतडलेले लाकडाचे तुकडे खडखडत बाहेर पडले. डबीत खाण्याचा कणही नव्हता. मागे पडद्यावर ठळक अक्षरांत होतं, 'खाल्लेलं: २.७ ग्रॅम'.

खोलीत फक्त तिरशिंगराव तार चावत असल्याचा आवाज येत होता.

"लाकडाची भूक लागते का हो?" बाईने विचारलं. तिने ते सरांना नाही, पडद्याला विचारलं, पण ऐकलं सगळ्यांनी. मग तिने जाळीखालचा कागद ओढून काढला. भुसा सगळा तिथे होता.

अध्यक्षबाईंनी लाकडाचा तुकडा उचलून दातांचे व्रण अंगठ्याने चाचपले. "कांड्यांचा चुरा कुणी मोजला आहे का?" त्यांनी विचारलं.

बाई बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. "चोवीस पाकिटं आहेत. वाळवून, चाळून. तारखेसकट." चष्मेवाली सरांकडे न बघता बोलत होती. "आणि त्यांचे आकडे मी स्वतः पुन्हा तपासलेत."

औषध माणसांवर गेलं नाही. निदान त्या वर्षी तरी नाही. पत्रक परत आलं आणि सगळा प्रयोग चाळणीसकट पुन्हा करा, असा शेरा पडला. सरांनी बाईला जिन्यात गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि घटकाभर ते पुन्हा ते दोन शर्टवाले वाटले.

"मला आधी सांगायचंत ना, बाई."

"तीनदा सांगितलं, सर."

सरांनी मान खाली घातली. मग एकदम म्हणाले, "ती चाळणी माझी आहे."

"तुमच्या आईची आहे," बाई म्हणाली. "त्या मागायला आल्या तर देईन."

सोमवारपासून तिला पिंजरे धुण्याच्या खोलीत पाठवलं. तिने बूट घातले आणि ब्रश उचलला. चाळणी तिने चष्मेवालीच्या हातात ठेवली आणि सांगितलं, की वाळवल्याशिवाय चाळायचं नाही, घाई झाली तरी नाही. चष्मेवालीने दोन्ही हातांनी घेतली.

त्या दिवशी घरी येताना बाईने एक वही आणली. अप्पा उशीला टेकून बसले होते. वहिनी ताट घेऊन आत येत होती, आणि बाईने तिच्यासमोरच बोलायचं ठरवलं होतं.

"अप्पा, ते औषध तुम्हाला मिळणार नाही. त्याने भूक लागत नाही. नुसते दात शिवशिवतात."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तू मोजलंस?"

"मी मोजलं."

"मग बरोबर असेल," अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांना वाईट वाटलं हे दोघींनाही दिसलं.

"आणि वहिनी, कुंडीत कीड नव्हती. अप्पांचं जेवण होतं. तीन आठवड्यांचं."

वहिनीने ताट अप्पांच्या उशाशी ठेवलं. ती अप्पांकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. "मी इतकं वाईट करते का हो?" ती म्हणाली.

"नाही गं बाळा," अप्पा म्हणाले. "तू छान करतेस. मला जात नाही."

वहिनी त्यांच्या पायाशी बसली. मग तिने स्वतःच बटाटा कुस्करला आणि चमचा अप्पांच्या हातात दिला. त्यांनी एक घास घेतला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसरा अर्धा घेतला आणि ताट बाजूला सारलं. ताट जवळजवळ भरलेलंच होतं. वहिनीने तोंड पाडलं नाही.

"लिही," अप्पा बाईला म्हणाले.

बाईने वहीत एकच रकाना आखला, वर 'खाल्लेलं' असं लिहिलं आणि खाली 'अडीच चमचे'. अप्पांनी वही मागून घेतली. तीस वर्षं प्रत्येक खऱ्या काट्याच्या दाखल्यावर करायचे तशी वळणदार सही त्यांनी त्या आकड्यापुढे केली.

"डॉक्टरांना हे दाखवा," ते म्हणाले. "काटा बरोबर आहे."